वेबच्या ताऱ्यांना आठ काटे का असतात, आणि ते घरच्या कॅमेऱ्यात कसे उतरवायचे

१२ जुलै २०२२ च्या पहाटे जेम्स वेब दुर्बिणीचं पहिलं रंगीत छायाचित्र आपल्याकडे पोचलं. त्यात 'स्मॅक्स ०७२३' हा दीर्घिकांचा समूह आहे आणि त्याच्या आसपास हजारो दीर्घिका विखुरलेल्या आहेत. पण नजर आधी जाते ती लांब टोकदार काटे फुटलेल्या मोजक्या ठिपक्यांकडे. हे ठिपके म्हणजे आपल्याच आकाशगंगेतले तारे, त्या दीर्घिकांच्या मानाने अगदी अंगणातले. त्यांचे काटे ताऱ्यांमधून निघालेले नाहीत. ते दुर्बिणीच्या आत तयार होतात, आणि दुर्बीण बदलली की काट्यांची संख्या आणि मांडणी बदलते. म्हणून काटे मोजता आले तर छायाचित्र कोणत्या दुर्बिणीचं आहे हे सांगता येतं. कार्डपेपर, कटर आणि एक साधी झूम लेन्स हाताशी असेल तर तोच आकार स्वतः तयारही करता येतो. दोन्ही कसं करायचं ते इथे क्रमाने दिलं आहे.

काटा येतो कुठून

ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येतो तेव्हा त्याची लहर जवळजवळ सपाट झालेली असते. परावर्तक दुर्बिणीत मोठ्या आरशासमोर छोटा दुय्यम आरसा टांगावा लागतो आणि त्याला धरायला दांडे लागतात. हे दांडे लहरीचा एक लांब, अरुंद पट्टा अडवतात. अडवलेल्या पट्ट्याच्या कडांशी प्रकाश थोडा वळतो. यालाच विवर्तन म्हणतात.

हा वळलेला प्रकाश सगळीकडे सारखा का पसरत नाही, हा खरा प्रश्न आहे. दांड्याच्या लांबीच्या दिशेने प्रकाश जरा जरी वळला, तरी एका टोकाकडून आणि दुसऱ्या टोकाकडून येणाऱ्या लहरींची पावलं चुकतात आणि त्या एकमेकींना पुसून टाकतात. रुंदीच्या दिशेने मात्र अंतर इतकं कमी असतं, की बऱ्याच मोठ्या कोनापर्यंत लहरींची पावलं जुळलेली राहतात. म्हणून प्रकाश दांड्याला आडवा पसरतो, दांड्याच्या दिशेने जवळजवळ पसरतच नाही. उभ्या दांड्याचा काटा आडवा पडतो आणि आडव्याचा उभा. पसरण्याचा कोन साधारण तरंगलांबी भागिले दांड्याची रुंदी एवढा असतो. हे एक सूत्र लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

काटे नेहमी जोडीने येतात, कारण एकाच दांड्यामुळे प्रकाश दोन्ही बाजूंना पसरतो. हबलमध्ये दुय्यम आरसा काटकोनात बसवलेल्या चार पात्यांवर टांगलेला आहे. समोरासमोरची पाती एका रेषेत असल्याने त्यांचे काटे एकमेकांवर पडतात आणि चारच दिसतात. तीन दांडे १२० अंशांवर असतील तर कुणाचीच जोडी जमत नाही, म्हणून सहा काटे दिसतात. कॅमेऱ्याच्या लेन्सलाही हाच हिशेब लागू आहे. छिद्राला सहा पाती असतील तर रस्त्यावरच्या दिव्याला सहा काटे येतात, सात पाती असतील तर चौदा.

दांडा नसला तरी सरळ कड पुरेशी असते, आणि वेबची गंमत इथेच आहे. तिचा ६.५ मीटरचा आरसा १८ षटकोनी तुकड्यांचा आहे. प्रत्येक तुकडा समोरासमोरच्या बाजूंमध्ये १.३२ मीटर रुंद आहे. सगळे तुकडे एकाच मांडणीत असल्याने साऱ्या कडा मिळून दिशा तीनच होतात. तीन दिशांचे सहा मोठे काटे हे आरशाचे. त्याखेरीज दुय्यम आरशाचे तीन दांडे आहेत: एक सरळ वर गेलेला आणि दोन त्याच्यापासून दोन्हीकडे १५० अंशांवर, खाली पाय फाकवल्यासारखे. तीन दांड्यांचे आणखी सहा काटे धरले तर एकूण बारा व्हायला हवे होते. पण खालचे दोन दांडे मुद्दामच षटकोनांच्या कडांना समांतर ठेवले आहेत, त्यामुळे त्यांचे चार काटे आरशाच्या काट्यांखाली झाकले जातात. उभ्या दांड्याला समांतर अशी कडच नाही. त्याचे दोन छोटे आडवे काटे तेवढे वेगळे उरतात. सहा मोठे आणि दोन छोटे, असे आठ.

छायाचित्र वाचताना

सगळ्यात ठळक तारा निवडा. मंद ताऱ्यांनाही काटे असतातच, पण ते पार्श्वभूमीत बुडालेले असतात. ठळक ताऱ्याचा काटा लांब दिसतो, कारण त्याचा क्षीण होत गेलेला शेवटही कॅमेऱ्याला टिपता येतो. म्हणून काट्याच्या लांबीवरून ताऱ्याचा आकार ठरवू नका.

आता काटे मोजा. काटकोनातले चार असतील तर बहुधा हबल. घराच्या गच्चीवरच्या न्यूटनी दुर्बिणीतही चारच येतात, तेव्हा फक्त संख्येवर विसंबू नका. ६० अंशांवरचे सहा असतील तर तीन दांड्यांची दुर्बीण, म्हणजे २०२० मध्ये निवृत्त झालेली स्पिट्झर किंवा जुलै २०२३ मध्ये सुटलेली युक्लिड. सहा मोठे आणि एका मोठ्या जोडीला काटकोनात असलेले दोन छोटे, ही वेबची ओळख. छोटी जोडी दिसत नसेल तर त्याहून ठळक तारा शोधा.

एकाच छायाचित्रातल्या सगळ्या ताऱ्यांचे काटे एकाच दिशेला असायला हवेत. दोन भागांत दिशा वेगळी दिसली, किंवा एकाच ताऱ्याला जरा फिरवलेल्या काट्यांचे दोन संच दिसले, तर ते छायाचित्र वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या तुकड्यांतून जोडलेलं आहे. वेबला सूर्याकडे पाठ ठेवावी लागते. ती सूर्यापासून ८५ ते १३५ अंशांच्या पट्ट्यातच बघू शकते, आणि त्या त्या दिवशी स्वतःभोवती जेमतेम पाच अंश इकडेतिकडे फिरू शकते. त्यामुळे आकाशाच्या मानाने काट्यांची दिशा बरीचशी तारखेवर ठरते.

काटे फुटलेलं सगळंच तारा नसतं. एनजीसी ७४६९ या दीर्घिकेच्या वेबने घेतलेल्या छायाचित्रात मधोमध लखलखीत काटे आहेत. तिथे तारा नाही, तर दीर्घिकेचं अतितेजस्वी केंद्र आहे. कृष्णविवराभोवतीचा तो भाग इतका लहान आहे की दुर्बिणीला तो बिंदूच वाटतो. हबलने टिपलेल्या ३सी २७३ या क्वेसारचंही (फार दूरच्या दीर्घिकेच्या तशाच तेजस्वी केंद्राचंही) तसंच. काटा एवढंच सांगतो की प्रकाशाचा उगम बिंदूसारखा आणि ठळक आहे.

काट्यासारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या काढायला शिका. हबलच्या सीसीडीवर (प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) फार ठळक तारा पडला की भरून वाहणारा विद्युतभार शेजारच्या पिक्सेलांत सांडतो आणि एक पांढरी रेघ येते. ती कायम चिपच्या स्तंभाच्या दिशेने असते, तिच्यात रंग किंवा काट्यासारख्या गाठी (एकाआड एक उजळ आणि काळे ठिपके) नसतात आणि ती एकदम तुटते. काटा मात्र हळूहळू विरत जातो. दुसरी गोष्ट म्हणजे वेबच्या 'मिरी' उपकरणातल्या ५.६ आणि ७.७ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छायाचित्रांतली जादा फुली. ती संवेदकाच्या आतच तयार होते, आरशाशी तिचा संबंध नाही. आठाहून जास्त काटे दिसले तर आधी कोणती तरंगलांबी आहे ते पाहा.

रंगांकडेही लक्ष द्या. सूत्रात तरंगलांबी वर आहे, म्हणजे ती वाढली की काटा लांबतो. वेबचं ४.४ मायक्रॉनचं छायाचित्र २ मायक्रॉनच्या शेजारी ठेवा: त्याच ताऱ्याचा काटा २.२ पट पसरलेला असतो. रंगीत छायाचित्रात लांब तरंगलांबीला लाल रंग देतात, म्हणून काट्याची बाहेरची टोकं लालसर दिसतात आणि मधल्या गाठी वेगवेगळ्या रंगांच्या.

कॅमेऱ्यासमोर एक काडी

वेबच्या आरशाच्या आकाराचा मास्क, म्हणजे लेन्ससमोर लावायचा कापलेला कार्ड, तयार करायच्या आधी एका काडीवर प्रयोग करा. तो जमला तरच पुढे जा, कारण चुका इथे लगेच सापडतात.

लागेल ते: २०० मिमी फोकल लांबी देणारी झूम लेन्स, तिपाई, रॉ फाइल देणारा कॅमेरा, आणि अगरबत्तीची मसाला खरवडून काढलेली काडी. काडी साधारण १.३ मिमी जाड असावी. कॅलिपरने मोजून ठेवा. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवा. २०० मिमीवर एफ/५.६ म्हणजे २०० भागिले ५.६, सुमारे ३६ मिमी व्यासाचं छिद्र. छिद्र पूर्ण उघडं ठेवण्याला कारण आहे: एफ/११ वर गेलात की लेन्सच्या आतल्या पात्यांच्या कडा स्वतःचे काटे काढतात, आणि मग कुठला काटा कुणाचा हे कळत नाही.

खरा तारा घेऊ नका. २०० मिमीवर एका सेकंदात तारा तीन-चार पिक्सेल सरकतो आणि बारीक काटा पुसला जातो. आकाशातलाच हवा असेल तर ध्रुव घ्या, तो जवळजवळ स्थिर असतो. महाराष्ट्रातून तो १६ ते २२ अंशांवर, म्हणजे बराच खाली असतो, आणि शहरात इमारती आड येतात. त्यापेक्षा कृत्रिम तारा बरा. एलईडी टॉर्चच्या तोंडावर अॅल्युमिनियमची फॉइल घट्ट बांधा आणि बारीक सुईच्या टोकाने ०.३ मिमीचं छिद्र पाडा. टॉर्च अंधारात २५ मीटरवर ठेवा. इतक्या लांबून ते छिद्र संवेदकावर अडीच मायक्रॉनचं होतं, म्हणजे एका पिक्सेलहून लहान. पाच मीटरवर ठेवलंत तर ते तीन पिक्सेलांचं होतं आणि काट्यातल्या गाठी मिटतात.

काडी लेन्सच्या पुढच्या काचेसमोर, हूडवर, बरोबर मध्यातून चिकटवा. पुढे लावलेला फिल्टर काढून टाका, नाहीतर त्याचं परावर्तन जवळच भुतासारखं उमटतं. तारा चौकटीच्या मध्यावर ठेवा. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठं करून हाताने जुळवा. दोन सेकंदांचा टायमर वापरा.

एक्स्पोजर हीच इथली अवघड पायरी. आधी असा वेळ शोधा की ताऱ्याचा मधला ठिपका नुकताच पांढरा फटक होतो. समजा तो १/५०० सेकंद आला. या मापाच्या काडीचा काटा त्या ठिपक्याच्या सुमारे पाचशेव्या भागाइतका तेजस्वी असतो, तोही अगदी मुळाशी. म्हणजे काटा नीट दिसायला एक ते दोन सेकंदांचं एक्स्पोजर हवं. बहुतेकांना काटा दिसत नाही तो इथेच. ताऱ्याचं एक्स्पोजर बरोबर ठेवतात आणि काटा अंधारात राहतो. वेबच्या छायाचित्रांतही काटे दिसतात ते याच कारणाने: दुर्बीण मंद दीर्घिकांसाठी थांबलेली असते, आणि तोवर जवळचा तारा भरून वाहत असतो.

काडी उभी असेल तर आडवी रेघ दिसेल. मधल्या पट्ट्याचा अर्धा भाग, म्हणजे केंद्रापासून पहिल्या काळ्या जागेपर्यंतचं अंतर, चार मायक्रॉनच्या पिक्सेलवर सुमारे २१ पिक्सेल येतं. आता काडीऐवजी ०.३ मिमीचा काळा दोरा लावा. काटा चारपट लांब होईल आणि जवळजवळ एकोणीसपट मंद. लोकांना वाटतं की दांडे बारीक केले की काटे नाहीसे होतील. तसं होत नाही. काट्यात जाणारा एकूण प्रकाश कमी होतो, पण उरलेला जास्त लांबवर पसरतो.

लाल जिलेटिन कागद टॉर्चवर लावलात तर गाठी सुट्या दिसतात आणि उलट मोजमापही करता येतं. लाल प्रकाशाची तरंगलांबी ०.६५ मायक्रॉन धरा. तिला २०० मिमीने गुणा आणि केंद्रापासून पहिल्या काळ्या जागेपर्यंतच्या अंतराने भागा. उत्तर काडीच्या जाडीचं येतं. २५ पिक्सेल म्हणजे ०.१ मिमी, त्यातून १.३ मिमी मिळते. कॅलिपरशी ताडून बघा. काट्यावरून काडी मोजता येते हे एकदा हातून घडलं की सूत्र पाठ करावं लागत नाही.

वेबचा मास्क

१. लेन्सच्या छिद्राच्या व्यासाला ०.१८ ने गुणा. ३६ मिमीसाठी ६.५ मिमी आलं, ५० मिमीसाठी ९ मिमी. ही एका षटकोनाची समोरासमोरच्या बाजूंमधली रुंदी. एका बाजूची लांबी म्हणजे ही रुंदी गुणिले ०.५७७, ६.५ मिमीला ३.७५ मिमी.

२. संगणकावर मधोमध एक षटकोन काढा, सपाट बाजू वर आणि खाली ठेवून. त्याला चिकटून सहा, आणि त्यांच्याभोवती बारा. एकूण १९. उभी उंची पाच षटकोनांची, म्हणजे ३२.५ मिमी. छापताना १०० टक्के मापावर छापा आणि ही उंची पट्टीने तपासा. 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला तर सगळी मापं लहान होतात.

३. मधल्या षटकोनापासून तीन पट्ट्या आखा, १.५ मिमी रुंद. एक सरळ वर. दोन खाली, उभ्या रेषेपासून डावीउजवीकडे ३० अंशांवर.

४. कागद काळ्या जाड कार्डवर चिकटवा. बाहेरची दातेरी रेषा आणि पट्ट्यांमधली जागा कापून काढा. मधला षटकोन आणि तीन पट्ट्या ठेवा. षटकोन त्या पट्ट्यांवरच टांगलेला राहतो, ०.७४ मीटरचा दुय्यम आरसा वेबमध्येही असाच पेललेला आहे. तुकड्यांमधल्या फटी या मापात कापता येत नाहीत, त्या सोडून द्या.

कटरचं पातं नवं घ्या. बोथट पात्याने कार्डच्या कडेला तंतू सुटतात, त्यांनी प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि ताऱ्याभोवती धुकं येतं. पारदर्शक शीटवर छापायचा मोह टाळा: शीट स्वतः एकसारखी जाड नसते, आणि छापलेल्या काळ्यातून प्रकाश झिरपतो.

मास्क लेन्ससमोर समांतर लावा आणि आधीसारखंच छायाचित्र घ्या. सहा मोठे काटे दिसले पण छोटी आडवी जोडी नाही, तर एक्स्पोजर दोन स्टॉप, म्हणजे चारपट वाढवा. ती जोडी अर्ध्या लांबीच्या एकाच पट्टीची आहे, तिला प्रकाश कमी मिळतो. आठाऐवजी दहा-बारा काटे दिसले तर खालच्या पट्ट्यांचा कोन चुकलाय. त्या षटकोनाच्या कडांना समांतर नाहीत, म्हणून त्यांचे काटे झाकले गेले नाहीत. काटे दुहेरी किंवा रुंद दिसले तर आधी फोकस तपासा, मग पट्ट्या वाकल्यात का ते. न्यूटनी दुर्बिणीतही एका बाजूचं पातं समोरच्या पात्याच्या रेषेतून सरकलं की काटा असाच दुभंगतो. सूर्याकडे मात्र हा कॅमेरा कधीही रोखू नका, मास्क असला तरी.

आता लेन्स तशीच ठेवून मास्क वीस अंश फिरवा. काटे त्याच्यासोबत वीस अंश फिरतील, तारा जागचा हलणार नाही. रस्त्यावरच्या दिव्याला डोळ्यांनी दिसणारे किरणही असेच तपासता येतात: मान वाकडी केली की तेही वाकडे होतात, कारण ते डोळ्यात तयार होतात.

ही फिरवाफिरवी खगोलशास्त्रज्ञांच्या रोजच्या कामाची आहे. ताऱ्याजवळचा मंद ग्रह काट्याखाली दडलेला असू शकतो. म्हणून वेब त्याच ताऱ्याची छायाचित्रं दोन वेगळ्या कोनांत घेते, कमाल दहा अंशांच्या फरकाने. काटे दुर्बिणीबरोबर फिरतात, ग्रह आकाशात जागच्या जागी राहतो, आणि वजाबाकी केली की काटे जातात. सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या एचआयपी ६५४२६ बी या ग्रहाच्या छायाचित्रांत ही युक्ती होती. सोबत ताऱ्याला झाकणारं कोरोनाग्राफ आणि तुलनेसाठी दुसरा ताराही होता.

घरी हे करून बघायला फॉइलमध्ये पहिल्या छिद्रापासून १५ मिमीवर दुसरं छिद्र पाडा. मास्कचा एखादा मोठा काटा त्यावरून जाईल अशी टॉर्च फिरवून ठेवा. दुसऱ्या छिद्रावर ट्रेसिंग पेपरचे थर वाढवत न्या, ते काट्याच्या गाठींतून वेगळं ओळखू येईनासं होईपर्यंत. एक छायाचित्र घ्या, मास्क वीस अंश फिरवा, दुसरं घ्या. दोन्ही एकावर एक ठेवून प्रत्येक पिक्सेलची कमी असलेली किंमत निवडा. बहुतेक संपादन प्रोग्रॅममध्ये थरांसाठी 'डार्कन' नावाचा पर्याय हेच करतो. दोन्ही छायाचित्रांतले काटे नाहीसे होतात, आणि मोठ्या ठिपक्यापासून साधारण ३० पिक्सेलवर दुसरा ठिपका उरतो.